पीएच.डी.चा पैसा : किती, कधी आणि कुठवर



संशोधनावर व्याख्यान आहे म्हटल्यावर ज्ञान, जिज्ञासा, सत्याचा शोध असं काहीतरी ऐकायला मिळणार या तयारीनं कुणी आलं असेल, तर त्यांची थोडी निराशा होईल. मी आज पैशावर बोलणार आहे. पीएच.डी. करणाऱ्या मुलाचं किंवा मुलीचं पाच-सहा वर्षांचं पोट कोण भरतं, त्याची व्यवस्था आपल्याकडं कशी आहे आणि ती कुठं कुठं गळते, एवढाच विषय. समोर एम.ए., एम.एस्सी. झालेली बरीच मुलं दिसतायत, मागच्या रांगांत आईवडीलही आहेत. मला खरं तर मागच्या रांगांशी जास्त बोलायचंय. पोरगी पीएच.डी.ला नाव घालायचं म्हणते तेव्हा पहिला हिशेब घरात होतो, विद्यापीठाचा नंतर.

घरात विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो. "महिन्याला किती मिळत्यात?" प्रश्न रास्त आहे, पण तो एकटा पुरत नाही. त्याच्या जोडीला आणखी दोन विचारायला पाहिजेत. कधी मिळतात? आणि किती वर्षं मिळतात? माझं आजचं सगळं म्हणणं या दोन प्रश्नांभोवती आहे. रक्कम वाढली की आपण टाळ्या वाजवतो, रक्कम कमी झाली की मोर्चे काढतो. पण प्रबंध अडतो तो बहुतेक वेळा पैसा वेळेवर न आल्यामुळं, किंवा काम संपायच्या आधी पैसा संपल्यामुळं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे, फक्त त्याच्याकडं आपण या बाजूनं बघत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. म्हणजे एकूण ४१४ पौंड. बदल्यात शिक्षण झाल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करायची, असा करार. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी १९१५ मध्ये एम.ए. केलं, पीएच.डी.च्या प्रबंधाचं काम केलं, आणि १९१६ मध्ये लंडनला गेले. तिथं एकीकडं बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातलं, दुसरीकडं लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास सुरू केला. आणि १९१७ मध्ये परत यावं लागलं. का? शिष्यवृत्तीची मुदत संपली. बुद्धी संपली नव्हती, विषय संपला नव्हता, गाइडही नाराज नव्हता. विद्यापीठानं उलट चार वर्षांच्या आत परत येऊन काम पूर्ण करायची परवानगी दिली होती. पण परवानगीनं जेवण मिळत नाही.

पुढं काय झालं ते बघा. बडोद्याला करारानुसार नोकरीवर गेले, तिथं जातीमुळं राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं गेलं. मुंबईला परत. शिकवण्या केल्या, सल्लागाराचा व्यवसाय करून बघितला, तो चालला नाही. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, त्या पगारातून पैसे साठवले. मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतलं. आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. मधली तीन वर्षं गेली. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न. आता यात एक गंमत आहे, कडू गंमत. ते दुसऱ्यांदा लंडनला गेले त्याच काळात रुपयाचा पौंडातला भाव कोसळला. १९२० च्या सुरुवातीला वर चढलेला रुपया १९२१ पर्यंत निम्म्याच्या आसपास आला. इकडं रुपयांत साठवलेली पुंजी तिकडं पौंडांत निम्मी. रुपयाच्या प्रश्नावर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला तो प्रश्न खाणावळीच्या बिलातही दिसला असणार.

आणि कोलंबियाची पीएच.डी.? ती मिळाली १९२७ मध्ये. तेव्हा तिथला नियम असा होता की प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात जमा केल्याशिवाय पदवी देत नसत. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा तो प्रबंध लंडनच्या एका प्रकाशकानं १९२५ मध्ये पुस्तकरूपानं छापला, सयाजीरावांना अर्पण केलेला आहे तो, आणि मग पदवी. १९१६ ला न्यूयॉर्क सोडलं, १९२७ ला पदवी हातात. अकरा वर्षं. मंडळी, शेवटचं काम म्हणजे टायपिंग, छपाई, बांधणी, सादर करण्याची फी. याला पैसा लागतो, आणि नेमका तेव्हाच शिष्यवृत्तीचा पैसा संपलेला असतो. शंभर वर्षांपूर्वी हे होतं, आजही आहे.

ही गोष्ट कागलात सांगायचं कारण वेगळं सांगायला नको. शाहू महाराज मूळचे इथल्या घाटगे घराण्यातले. मार्च १९२० ची माणगाव परिषद, जिथं महाराज आणि आंबेडकर एका व्यासपीठावर आले, ते माणगाव तेव्हा कागल जहागिरीत होतं. त्याच वर्षी आंबेडकर लंडनला गेले. महाराजांनी त्यांना मदत केली, आणि लंडनहून आंबेडकरांनी त्यांच्याकडं पैशासाठी पत्रही लिहिलं. मे १९२२ मध्ये महाराज गेले. उच्च शिक्षणाला आर्थिक मदत ही काय चीज आहे, ती वेळेवर आली तर काय होतं आणि थांबली तर काय होतं, याचा सगळा धडा आपल्या उंबऱ्यावरच घडलेला आहे.

महाराजांची स्वतःची पद्धत मात्र जरा वेगळी होती, आणि माझ्या मते जास्त व्यवहारी. त्यांनी वसतिगृहं काढली, काढायला लावली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच सुमारास जैन बोर्डिंग, पुढं मुस्लिम, लिंगायत, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळं. यात हुशारी काय होती? रोख रक्कम घरी पोचली की ती घरची होते. बियाणं, आजारपण, बहिणीचं लग्न, सगळ्यांचा तिच्यावर हक्क. छप्पर आणि दोन वेळचं जेवण मात्र त्या पोराचंच राहतं. आनंद यादव याच कागलचे. त्यांचं 'झोंबी' ज्यांनी वाचलंय त्यांना शिक्षणासाठी घराशी कसं झुंजावं लागतं हे नव्यानं सांगायला नको. पुढं तेच पुणे विद्यापीठात मराठीचे विभागप्रमुख झाले.

बरं. आता आजच्याकडं येऊ.

आज पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला मिळणारी सगळ्यात पक्की मदत म्हणजे यूजीसीची जेआरएफ. नेट परीक्षा वर्षातून दोनदा होते, त्यात वरच्या गुणांनी आलेल्यांना ती मिळते. १ जानेवारी २०२३ पासून दर असा आहे: पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, त्यानंतर काम समाधानकारक असेल तर पुढची तीन वर्षं महिना ४२,०००. त्याआधी हे आकडे ३१,००० आणि ३५,००० होते. वसतिगृहात खोली मिळाली नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. शिवाय वर्षाला किरकोळ खर्चासाठी एक रक्कम. तिला कंटिन्जन्सी म्हणतात. भाषा आणि सामाजिक शास्त्रांना पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० आणि नंतर २०,५००, विज्ञानाला १२,००० आणि नंतर २५,०००.

गणित करू. ३७ हजार गुणिले २४ महिने, आठ लाख ८८ हजार. ४२ हजार गुणिले ३६ महिने, १५ लाख १२ हजार. बेरीज बरोबर २४ लाख. ऐकायला बरं वाटतं, आणि खरंच बरं आहे, मी नाकं मुरडणाऱ्यातला नाही. पण यूजीसीच्याच २०२२ च्या नियमांप्रमाणं पीएच.डी.ची मुदत कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं आहे. बायकांना आणि दिव्यांगांना आणखी दोन वर्षं. म्हणजे फेलोशिप ६० महिन्यांची, काम ७२ महिन्यांपर्यंत चालू शकणारं. शेवटचे बारा महिने म्हणजे लिहिण्याचे, छापण्याचे, मौखिक परीक्षेची वाट बघण्याचे. तेव्हा खात्यात शून्य. आंबेडकरांचं वर्ष १९१७ समजा. तेच चोवीस लाख ७२ महिन्यांवर पसरले तर महिन्याला ३३,३३३ येतात. म्हणून मी मुलांना सांगतो, पहिल्या महिन्यापासून स्वतःचा पगार ३३ हजार समजा आणि वरचा पैसा सहाव्या वर्षासाठी बाजूला टाका. पोरं हसतात. चौथ्या वर्षी हसत नाहीत.

आता 'कधी' हा प्रश्न. जेआरएफचा पैसा दिल्लीहून थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो, मध्ये कुणी खात नाही, ही मोठी सुधारणा आहे. पण तो आपोआप येत नाही. दर महिन्याला विद्यापीठानं कॅनरा बँकेच्या पोर्टलवर कळवावं लागतं की हा विद्यार्थी हजर आहे, याला पैसे द्या. तिथं दोन माणसं असतात, एक भरणारा, एक तपासणारा. कार्यालयात त्यांना मेकर आणि चेकर म्हणतात. विभागातून पत्र गेलं नाही, मेकर रजेवर गेला, चेकरची बदली झाली, की तो महिना चुकला. मग पुढच्या महिन्यात थकबाकीसह. दोन वर्षांनी ३७ चे ४२ होण्यासाठी तज्ज्ञ समितीसमोर बसावं लागतं, अहवाल जातो. ती बैठक लांबली की वाढही लांबते. यात कुणी चोर नसतो. एक सही आणि एक रबरी शिक्का तेवढा नसतो.

महिना चुकल्यानं काय बिघडतं, असं मागं बसलेल्या एखाद्या नोकरदार माणसाला वाटेल. पगार काय, सगळ्यांचाच कधीतरी लांबतो. संशोधनात फरक असा आहे की काम हंगामावर चालतं. समजा आपल्याच भागातली एक मुलगी ऊसतोड मजुरांवर काम करतेय. मराठवाड्यातून टोळ्या येतात त्या दिवाळीच्या आगेमागे, कारखाने बंद होतात मार्च-एप्रिलात. तिला फडावर जायचं ते याच चार-पाच महिन्यांत. गाडीभाडं, राहणं, रेकॉर्डर, सोबत कुणीतरी. तिचा थकलेला पैसा मे महिन्यात एकरकमी आला, आठ महिन्यांचे दोन लाख ९६ हजार, तर रुपयाला रुपया मिळाला म्हणता येईल. पण हंगाम गेला. टोळ्या गावाला परत. तिचं एक अख्खं वर्ष गेलं, आणि फेलोशिपचं घड्याळ मात्र चालूच. सह्याद्रीच्या सड्यांवरच्या फुलांवर काम करणारा वनस्पतिशास्त्राचा मुलगा असेल तर त्याची ऑगस्ट-सप्टेंबरची दोन पावसाळी महिन्यांची मुदत चुकते. उशिरा आलेला पैसा हा कमी पैसा असतो. मधल्या काळात पतसंस्थेचं कर्ज, भिशी, मेव्हण्याकडून उसने, त्याचं व्याज वेगळंच.

परीक्षेचंही तसंच. जून २०२४ मध्ये १८ तारखेला नेट झाली, १९ तारखेला रद्द झाली, पुन्हा झाली ती ऑगस्ट-सप्टेंबरात. जेआरएफला वयाची मर्यादा तीस वर्षांची आहे. मागासवर्गीय, ओबीसी, दिव्यांग आणि स्त्रियांना पाच वर्षांची सूट. लग्न होऊन, मूल होऊन परत अभ्यासाला बसलेल्या बाईसाठी ही पस्तिशीची रेघ फार महत्त्वाची असते, एकेक परीक्षा मोलाची असते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण "आता कुठं तुझं वय राहिलंय" हे वाक्य घरातून येतं तेव्हा नियम काय आहे ते तिला माहीत पाहिजे. आणि जेआरएफवर असताना मातृत्वाची रजा पूर्ण फेलोशिपसह मिळते. नियमांप्रमाणं पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजा घेता येते. तो उपकार नाही, मागून घ्यायचा.

जेआरएफ थोड्यांना मिळते. बाकीच्यांचं काय? इथून पुढं रस्ता खडबडीत आहे.

दिल्ली, हैदराबादसारख्या केंद्रीय विद्यापीठांत जेआरएफ नसलेल्यांनाही यूजीसी महिना ८,००० रुपये देते. दिवसाचे झाले २६७ रुपये. ऑक्टोबर २०१५ मध्ये तेही बंद करायचं ठरलं, तेव्हा विद्यार्थ्यांनी दिल्लीत यूजीसीच्या कार्यालयासमोर ठाण मांडलं आणि निर्णय मागं घ्यायला लावला. पण आपल्यासाठी मुद्दा वेगळा आहे. ही रक्कम फक्त केंद्रीय विद्यापीठांत. आपलं शिवाजी विद्यापीठ राज्याचं. कागलचा मुलगा कोल्हापूरला पीएच.डी.ला लागला तर हे आठ हजारसुद्धा नाहीत, हैदराबादला लागला तर आहेत. गुणवत्ता तीच, मुलगा तोच. देशातले बहुतेक विद्यार्थी राज्य विद्यापीठांत शिकतात, आणि त्यांच्यासाठी किमान असा काही आकडाच ठरलेला नाही. दुसऱ्या टोकाला पंतप्रधान संशोधन फेलोशिप आहे, सुरुवातच महिना ७०,००० पासून, पण ती आयआयटी वगैरे निवडक संस्थांत. ८,००० आणि ७०,००० यांच्या मधे, आणि त्या दोन्हींच्या बाहेर, आपली मुलं उभी आहेत.

ही पोकळी महाराष्ट्रात काही अंशी भरून काढली ती राज्याच्या संस्थांनी. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी २०१८ मध्ये शाहू महाराजांच्या नावानं निघालेली सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरची महाज्योती. या फेलोशिपचे दर जेआरएफच्या दराला जोडलेले आहेत, त्यामुळं राज्य विद्यापीठात शिकणाऱ्या, जेआरएफ थोडक्यात हुकलेल्या मुलाला पहिल्यांदाच पोटभर पैसा मिळायला लागला. शेतकऱ्याच्या, मजुराच्या घरातली मुलं त्यामुळं संशोधनात आली, हे आधी मान्य करायला पाहिजे.

पण 'कधी' आणि 'कुठवर' इथं जास्तच झोंबतं. २०२३ मध्ये बार्टीच्या ८६१ विद्यार्थ्यांनी मुंबईत आझाद मैदानावर महिनोन्‌महिने आंदोलन केलं. फेलोशिप सगळ्यांना द्यायची की फक्त दोनशे जणांना, हा वाद होता. विचार करा, संशोधन करण्यासाठी पैसे पाहिजेत म्हणून संशोधन सोडून मैदानात बसायचं. त्याच वर्षी २४ डिसेंबरला या संस्थांच्या फेलोशिपसाठी सामाईक चाळणी परीक्षा झाली, तिथं २०१९ च्या सेट परीक्षेचीच प्रश्नपत्रिका पुन्हा आल्याचं विद्यार्थ्यांनी दाखवून दिलं. १० जानेवारी २०२४ ला फेरपरीक्षा, तिच्यावरही बहिष्कार आणि गोंधळ. त्याच वर्षी जुलैमध्ये निम्मीच फेलोशिप द्यायचा निर्णय झाला, पुन्हा आंदोलनं, मग तो बदलला. यात ज्या तुकडीचं नाव २०२२ मध्ये नोंदलं गेलं होतं तिची दोन वर्षं गेली. गाइडला दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल द्यायचाच होता.

आपल्याला आठवत असेल, डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात आपल्या कोल्हापूरच्याच सतेज पाटलांनी सारथीच्या दोनशे जागा वाढवायची मागणी केली, तेव्हा त्या वेळचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार, अशा अर्थाचं विधान केलं. पुष्कळ गदारोळ झाला. मी त्या गदारोळात भर घालणार नाही. उलट त्या प्रश्नातला एक भाग मी गंभीरपणे घेतो, कारण तोच प्रश्न आपल्या घरात, पारावर, एमआयडीसीत लागलेल्या मित्रांच्या घोळक्यात रोज विचारला जातो. पोरगं तिशीला आलं, अजून शिकतंयच. काय होणार याचं? उत्तर द्यायला पाहिजे.

उत्तर सोपं नाही. प्राध्यापकीसाठी पीएच.डी. आवश्यकच, अशी अट होती ती यूजीसीनं १ जुलै २०२३ पासून काढली, नेट किंवा सेट पुरते. महाविद्यालयांत भरती रखडलेली, कित्येक पदं तासिका तत्त्वावर चालतात. म्हणजे नुसती नोकरी हा हेतू असेल तर पीएच.डी. हा लांबचा आणि महागडा रस्ता आहे, हे मी समोरच्या रांगेला स्पष्ट सांगतो. पण ऊसतोडीवर, पंचगंगेच्या प्रदूषणावर, आपल्या बोलीवर, इथल्या जमिनीच्या क्षारपडीवर कुणी पाच वर्षं बसून काम करायचं? ते काम करणारा आपल्यातला असावा असं वाटत असेल तर त्याला त्या पाच वर्षांचं जेवण द्यावं लागेल. नाहीतर ज्याच्या बापाला परवडतं तोच संशोधक होणार, आणि तो आपल्या ऊसतोडीवर काम करीलच असं नाही.

जात आणि धर्माप्रमाणं वेगवेगळ्या खिडक्या झाल्यामुळं आणखी एक अडचण होते. एक खिडकी बंद झाली तर त्या रांगेतल्यांना दुसरीकडं जाता येत नाही. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप २००९ मध्ये सुरू झाली आणि २०२२-२३ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली. इतर योजनांत ही मुलं बसतात असं कारण दिलं गेलं. ओबीसीत बसणारी बसतात, बाकीच्यांचं काय, हा प्रश्न राहतो. खिडक्या असाव्यात, त्यांच्यामागं इतिहास आहे, तो कोल्हापुरात तरी कुणी नाकारू नये. पण सगळ्या खिडक्यांच्या खाली एक समान जोतं पाहिजे. कुठल्याही विद्यापीठात पूर्णवेळ पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येकाला अमुक इतकी किमान रक्कम, नाव नोंदल्याच्या महिन्यापासून. ब्रिटनमध्ये सरकारी संशोधन परिषदेच्या विद्यार्थ्यांसाठी असा किमान आकडा दरवर्षी जाहीर होतो. २०२५-२६ साठी तो २०,७८० पौंड आहे. जर्मनी, नेदरलँड्सकडं तर पुष्कळ पीएच.डी. विद्यार्थी नोकरीच्या करारावर असतात, पगारपत्रक, सुट्टी, विमा सगळं. तिकडं सगळं गोड आहे असं नाही. ज्या कोलंबियात बाबासाहेब शिकले तिथल्याच शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांनी नोव्हेंबर २०२१ ते जानेवारी २०२२ असा सुमारे दहा आठवडे संप केला, मोबदल्यासाठीच.

मग ज्याला यातलं काहीच मिळत नाही त्यानं नाव घालावं का? माझं मत विचाराल तर, पूर्णवेळ घालू नये. २०२२ च्या नियमांनी अर्धवेळ पीएच.डी.ला वाट दिली आहे, मालकाचं ना हरकत पत्र आणून नोकरी सांभाळून करता येते. किंवा आधी वर्षभर नेटला द्यावं. जून २०२४ पासून नेटचे तीन निकाल लागतात, एक जेआरएफसह, दुसरा प्राध्यापकीसह, तिसरा फक्त पीएच.डी. प्रवेशापुरता. शेवटच्या दोन्हींचे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात, हे ध्यानात ठेवा. जेआरएफचं पत्र मात्र तीन वर्षं चालतं. घाईनं नोंदणी करून मग पैसा शोधणाऱ्याचं सहा वर्षांचं घड्याळ सुरू होतं, आणि पहिली दोन वर्षं तासिकांच्या मागं धावण्यात जातात. सकाळी एका कॉलेजात दोन तास, दुपारी दुसऱ्या तालुक्यात एक. संध्याकाळी एस.टी.त बसून प्रबंधाचं पुस्तक उघडायचं. उघडतात पोरं, मी बघितलंय. चार पानांत डोळा लागतो.

प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून : फेलोशिपवर आयकर लागतो का?)

शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १०(१६) खाली करमुक्त धरली जात आलीय. फेलोशिपचं पत्र जपून ठेवा, बँकेत रक्कम दिसली की विचारणा होऊ शकते. आणि बँक तुम्हाला कर्ज देताना याला पगार धरत नाही, तीही दुसरी बाजू.

(श्रोत्यांतून : फेलोशिप चालू असताना तासिका घेतल्या तर?)

विभागात शिकवायला सांगतात ते वेगळं. नियमांतच आठवड्याला चार ते सहा तास शिकवण्याचं किंवा संशोधन साहाय्याचं काम देता येतं, ते शिक्षणाचा भाग म्हणून. बाहेर पगारी काम मात्र फेलोशिपबरोबर चालत नाही, आणि दोन फेलोशिप एकदम तर अजिबात नाही. आता सगळं आधारला जोडलेलं आहे, दुसरीकडं जमा झालेली रक्कम दिसते. वसुली आली तर एकरकमी येते.

(श्रोत्यांतून, एक पालक : मधेच सोडली पीएच.डी. तर पैसे परत द्यावे लागतात का? मुलीचं लग्न ठरलं, नोकरी लागली, असं काही झालं तर?)

चांगला प्रश्न विचारलात काका. दोन गोष्टी वेगळ्या करा. नोकरी लागली तर रुजू झालेल्या तारखेपासूनचा पैसा घेता येत नाही, त्यामुळं ज्या दिवशी हजर झाली त्याच आठवड्यात विद्यापीठाला लेखी कळवायचं आणि पोच घ्यायची. कळवलं नाही आणि पुढचे तीन महिने रक्कम येत राहिली तर ती परत करावी लागते. दुसरं, राज्याच्या संस्था सुरुवातीला स्टॅम्पपेपरवर हमीपत्र लिहून घेतात. काम अर्धवट सोडलं तर काय, हे त्या कागदात लिहिलेलं असतं, आणि संस्थेसंस्थेप्रमाणं त्यात फरक असतो. झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून, मजकूर न वाचता सही करू नका. घरी आणा, तुम्ही वाचा, तिला वाचू द्या, एक प्रत घरात ठेवा. आणि लग्नाचं म्हणालात, तर लग्नासाठी पीएच.डी. सोडायला कुठलाच नियम सांगत नाही. पाहुण्यांना बैठकीतच सांगा की पोरीची अजून अडीच वर्षं फेलोशिप आहे आणि तिला आठवड्यातून इतके दिवस कोल्हापूरला जावं लागणार आहे. ठिकाण बदलायचंच झालं तर दुसऱ्या विद्यापीठात काम हलवण्याची तरतूदही २०२२ च्या नियमांत स्त्रियांसाठी आहे. त्याला दोन्ही विद्यापीठांची आणि गाइडची संमती लागते, आणि फेलोशिप देणाऱ्या संस्थेला आधी कळवावं लागतं. आधी, नंतर नव्हे. या क्रमानं गेलं तर पैसा तुटत नाही.